घरचा स्टोरेज सर्व्हर आणि रिकाम्या वॅटचा हिशेब

एक वॅट खाणारी वस्तू वर्षभर रात्रंदिवस चालू राहिली तर ८.७६ युनिट वीज लागते. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाचे १०५ रुपये झाले. तुमच्या बिलातला दर थोडा कमीजास्त असेल, पण तोंडी हिशेबाला ‘एक वॅट म्हणजे वर्षाला शंभर रुपये’ एवढं सूत्र पुरतं. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, सातबारा आणि खरेदीखताचे स्कॅन, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग असं सगळं स्वतःच्या घरात, स्वतःच्या डिस्कवर ठेवायचं असेल तर त्यासाठी लावलेलं यंत्र, म्हणजे घरचा स्टोरेज सर्व्हर, कायम चालू राहणार. म्हणून त्याचा प्रत्येक भाग निवडताना किमतीच्या शेजारी हे सूत्र मांडून बघायला हवं.

बहुतेकांची सुरुवात घरात पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपपासून होते. त्याला वेगळा खर्च नाही, चालतोही. पण ग्राफिक्स कार्ड, तीन-चार जुन्या डिस्क आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असलेला पीसी नुसता चालू ठेवला तरी ६० वॅटच्या आसपास सहज घेतो. म्हणजे महिन्याला ४४ युनिट, वर्षाला ५२५ युनिट आणि ६,३०० रुपये. विचारपूर्वक निवडलेल्या भागांचा, दोन डिस्कचा सर्व्हर तेच काम २० वॅटच्या आत करतो आणि वर्षाला दोन हजारांच्या आसपास घेतो. चार वर्षांत फरक सोळा-सतरा हजारांवर जातो.

महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पा बदलतो. दिवे, पंखे, फ्रिज यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच वापरून संपवलेले असतात. त्यामुळे सर्व्हरचं युनिट नेहमी वरच्या दराने लागतं. महिन्याला २६० युनिट वापरणाऱ्या घरात ६० वॅटचा पीसी कायमचा लावला की आकडा ३०४ वर जातो आणि तिसरा टप्पा सुरू होतो. हिशेब करताना बिलातला सरासरी दर घेऊ नका. तुमचं घर ज्या टप्प्यात संपतं, त्या टप्प्याचा दर घ्या आणि त्यात वहन आकारही मिळवा.

आता मुख्य गोष्ट. घरचा स्टोरेज सर्व्हर दिवसातले बावीस-तेवीस तास काहीच करत नसतो. सकाळी फोनमधले फोटो चढतात, संध्याकाळी टीव्हीवर कुणी जुना व्हिडिओ बघतं, रात्री बॅकअप होतो. बाकी वेळ तो नुसता जागा असतो. म्हणजे बिल ठरतं ते तो रिकामा बसलेला असताना किती वॅट घेतो यावर. पूर्ण जोरात चालताना तो ४० वॅट घेतो की ७०, याने वर्षाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही, कारण ती वेळ थोडी असते.

आणि नेमका हा रिकामा आकडा खोक्यावर छापलेला नसतो. खोक्यावर असतो टीडीपी: ६ वॅट, ३५ वॅट, ६५ वॅट. लोक तो वीजवापर समजतात. प्रोसेसर जोरात चालताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा तो अंदाज आहे, पंखा आणि हीटसिंक निवडायला उपयोगी. इंटेलच्या एकाच पिढीतला ६५ वॅटचा आय-३ आणि ३५ वॅटचा ‘टी’ अक्षराचा आय-३ रिकामे बसले की जवळजवळ सारखीच वीज घेतात. ‘टी’वाला फक्त जोर लावताना लवकर थांबतो. ‘कमी विजेचा’ म्हणून त्याला जास्त पैसे मोजण्यात सर्व्हरपुरता अर्थ नाही.

मग रिकामा वापर ठरतो कशाने? प्रोसेसर काम नसताना पायरीपायरीने झोपतो. या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ. सी-२, सी-३ म्हणजे डुलकी. सी-८, सी-१० मध्ये चिपचा बराचसा भाग बंदच होतो. पण अख्खी चिप गाढ झोपायला तिला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची परवानगी लागते. नेटवर्क कार्ड, एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क), साटा कार्ड (डिस्क जोडायचं कार्ड) यांपैकी एकानेही आपला पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे प्रोसेसरशी जोडणारा, दुवा शांत करायला नकार दिला की प्रोसेसर वरच्याच पायरीवर अडकतो. साध्या डेस्कटॉप बोर्डावर अशा एका हट्टी कार्डामुळे पाच ते दहा वॅटचा फरक पडू शकतो, म्हणजे वर्षाला पाचशे ते हजार रुपये. कार्ड स्वतः दोनच वॅट घेत असतं, पण बाकीच्यांची झोप मोडतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. लिनक्सवर पॉवरटॉप नावाची छोटी आज्ञावली टाका, चालवा आणि ‘आयडल स्टॅट्स’च्या पानावर जा. सगळ्यात डावीकडच्या ‘पॅकेज’ रकान्यात प्रत्येक पायरीपुढे टक्केवारी दिसते. दोन मिनिटं कशालाही हात न लावता थांबा. सी-८ किंवा त्याहून गाढ पायरीवर ८०-९० टक्के दिसले तर यंत्र नीट झोपतंय. सगळे टक्के सी-२ किंवा सी-३ वर अडकलेले दिसले तर कुठलं तरी कार्ड जागं आहे. एकेक काढून पुन्हा बघायचं, म्हणजे दोषी सापडतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एएसपीएम (रिकामे दुवे शांत करण्याची सोय) आणि सी-स्टेट बंद असतील तर आधी ते चालू करा. अनेक बोर्डांवर ते मुळातच बंद येतात आणि लोक महिनोन्महिने जास्तीचं बिल भरत राहतात.

एवढं कळल्यावर बोर्ड आणि प्रोसेसर निवडणं सोपं होतं. घरासाठी मला तीन रस्ते पटतात.

पहिला, इंटेलचा एन१०० किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादा. २०२३च्या सुरुवातीला आलेल्या या चिपमध्ये चार छोटे कोर आहेत, टीडीपी ६ वॅट, आणि ती बोर्डावर पक्की बसवलेलीच येते. हार्ड डिस्क न लावता, एक एसएसडी आणि एक रॅमची पट्टी लावून असं यंत्र भिंतीतून साधारण ५ ते १० वॅट घेतं. फोटो साठवणं, फाइल वाटणं, टीव्हीसाठी व्हिडिओ बदलून देणं ही कामं त्याला जड नाहीत. व्हिडिओसाठी त्यात इंटेलचं क्विक सिंक आहे, त्यामुळे ४के चित्रपटसुद्धा कोरवर भार न टाकता रूपांतरित होतो. मर्यादा वेगळीच आहे. या चिपला पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ९ लेन (कार्ड जोडायच्या वाटा) आहेत आणि तिचे स्वतःचे साटा पोर्ट दोनच. सहा साटा पोर्टचे एन१०० बोर्ड दिसतात, त्यात जास्तीचे पोर्ट वेगळ्या चिपमधून काढलेले असतात. दोन डिस्कवर ज्याचं भागतं त्याला एन१०० सारखं दुसरं काही नाही. चार-सहा डिस्क लावायच्या असतील तर ती जास्तीची चिप कुठली आहे ते विचारून घ्या.

दुसरा रस्ता साध्या डेस्कटॉप बोर्डाचा: आय-३ १२१०० सारखा प्रोसेसर आणि एच६१० किंवा बी६६० चिपसेटचा (बोर्डावरचे पोर्ट सांभाळणारी चिप) साधा बोर्ड. चिपसेटमधूनच चार साटा पोर्ट मिळतात, वेगळं कार्ड लागत नाही आणि प्रोसेसर गाढ झोपतो. चांगल्या बोर्डावर याचा रिकामा वापर एन१००च्या फार वर जात नाही, ताकद मात्र कितीतरी जास्त. बोर्ड जितका साधा तितका बरा. दोन-दोन नेटवर्क पोर्ट, वायफाय, रंगीत दिवे, भारी साउंड हे सगळं चोवीस तास थोडी थोडी वीज घेतं. एएमडीमध्ये ५६००जी सारखे, आत ग्राफिक्स असलेले, एकाच तुकड्याच्या चिपचे प्रोसेसर घ्या. अनेक तुकड्यांनी बनलेले ५६००एक्स सारखे प्रोसेसर रिकामे असतानाही बऱ्यापैकी वीज घेतात, शिवाय त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. एक्स५७० चिपसेट टाळा. तो एकटाच ११ वॅटच्या टीडीपीचा आहे, म्हणूनच बहुतेक बोर्डांवर त्याला स्वतःचा पंखा असतो.

तिसरा रस्ता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि प्रत्येक मोठ्या शहराच्या संगणक बाजारात मिळतो. कंपन्यांच्या ऑफिसांमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर. आठव्या पिढीच्या पुढचा आय-५ असलेलं छोटं यंत्र घ्या. त्यांचे बोर्ड वीज वाचवण्याच्या दृष्टीने काळजीपूर्वक बनवलेले असतात आणि रिकाम्या वेळी १० ते १५ वॅटच्या आत राहतात. फक्त आकार बघून घ्या. पुस्तकाएवढ्या ‘मायक्रो’ आणि ‘टायनी’मध्ये साडेतीन इंची डिस्क बसत नाही. त्याहून मोठ्या, एसएफएफ नावाच्या कॅबिनेटमध्ये बसते. पैशांची ओढाताण असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक रिकामा असताना तीन-चार वॅट घेतो, म्हणून अनेकांना मोह होतो. पण त्यावर साटा पोर्ट नाही. डिस्क यूएसबीवर किंवा जास्तीच्या पाटीवर लावावी लागते, आणि यूएसबीचा दुवा भाराखाली अधूनमधून तुटण्याचा धोका राहतो. मुख्य साठ्यासाठी मी तो घेणार नाही. दुसऱ्या प्रतीसाठी तो उत्तम आहे, त्याकडे शेवटी येतो. आणि ज्याला यातलं काहीच जुळवत बसायचं नाही त्याने सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचा दोन डिस्कचा तयार डबा घ्यावा. डिस्कसकट १५-२० वॅटमध्ये तोही बसतो.

पोर्ट कमी पडून कार्ड घ्यावंच लागलं तर त्यावरच्या चिपचं नाव विचारा. एएसएम११६६ असलेलं सहा पोर्टचं कार्ड बहुतेक ठिकाणी प्रोसेसरला झोपू देतं. पाच पोर्टचं जेएमबी५८५ वीज वाचवण्याच्या बाबतीत मागे आहे आणि अनेक बोर्डांवर चिपला सी-३पेक्षा गाढ झोपू देत नाही. एलएसआय ९२११-८आय सारखी सर्व्हरमधून निघालेली आठ पोर्टची कार्डं स्वस्तात मिळतात, मजबूत असतात. पण एकटीच दहा वॅटच्या आसपास घेतात, तापतात आणि झोपही मोडतात. कार्ड लावताना प्रोसेसरला थेट जोडलेल्या लांब स्लॉटऐवजी चिपसेटच्या छोट्या स्लॉटमध्ये लावून बघा. इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांवर एवढ्यानेही पॅकेजची झोप एकदोन पायऱ्या खाली जाते.

पण खरी वीज जाते डिस्कमध्ये. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत राहिली तरी ४ ते ६ वॅट घेते. दोन डिस्क मिळून एन१००च्या अख्ख्या बोर्डाइतकी किंवा त्याहून जास्त वीज घेतात. म्हणून बोर्डावर एकेक वॅट वाचवायचा आणि घरात सापडलेल्या सहा जुन्या डिस्क लावायच्या, हे जमत नाही. ८ टीबी जागा हवी असेल तर ८ टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर ठेवा. ४ टीबीच्या तीन डिस्क रेड-५ मध्ये (एक डिस्क गेली तरी माहिती टिकेल अशी मांडणी) लावूनही तेवढीच जागा मिळते आणि खरेदीच्या वेळी तो सौदा स्वस्त वाटू शकतो. पण तिसरी डिस्क पाच वर्षांत अडीच हजारांची वीज घेते, एक पोर्ट अडवते, उष्णता वाढवते. एखादी डिस्क गेली की रेड-५ मध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. जोडीमध्ये एकीवरून दुसरीवर सरळ उतरवलं की काम झालं. घरासाठी थोड्या आणि मोठ्या डिस्क, हे माझं ठाम मत आहे.

डिस्क घेताना दुसरी गोष्ट बघायची ती सीएमआर की एसएमआर, म्हणजे तिच्यावर माहिती कशी लिहिली जाते. सीएमआरमध्ये ट्रॅक शेजारी-शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये जास्त माहिती बसवण्यासाठी शेजारचे ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं कौल बदलायला वरची उचलावी लागतात, तसंच मधला ट्रॅक बदलायला पुढचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. एखाद्या फोल्डरची एकदाच प्रत घेऊन ठेवायला अशी डिस्क चालते. पण खराब झालेल्या डिस्कच्या जागी नवी लावून सलग कित्येक तास लिहायची वेळ आली की ती रखडते, आणि झेडएफएससारखी डिस्क सांभाळणारी यंत्रणा कंटाळून तिला बाहेरही काढते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या ‘रेड’ नावाच्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने नावं वेगळी केली. नुसती रेड म्हणजे एसएमआर, रेड प्लस आणि रेड प्रो म्हणजे सीएमआर. सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत. साध्या बाराकुडामध्ये मोठ्या आकाराच्या बऱ्याच डिस्क एसएमआर आहेत. ‘नॅसवाली (स्टोरेज सर्व्हरसाठीची) द्या’ असं म्हणून भागत नाही. मॉडेल नंबर वाचून कंपनीच्या तक्त्यात बघा. ७२०० ऐवजी ५४०० फेऱ्यांच्या आसपासची डिस्क मिळाली तर घ्या. घरातलं नेटवर्क गिगाबिटचं असेल तर सेकंदाला ११० एमबीच्या पुढे काही जातच नाही, आणि तेवढं हळू फिरणारी डिस्कही देते.

डिस्क हातात आली की पॅकिंग फेकण्याआधी तिचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा. दुसऱ्या देशासाठी आलेली किंवा कुठल्या तरी यंत्रात बसून आलेली डिस्क असेल तर तिथेच कळतं. मग तिचे चालू तास बघा. २०२५च्या सुरुवातीला आधी जर्मनीत आणि मग इतर देशांतही डेटासेंटरमध्ये हजारो तास चाललेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं समोर आलं. डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नेहमीच्या ‘स्मार्ट’ नोंदींमधला तासांचा आकडा पुसलेला होता, पण सीगेट डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी नोंद असते, तिथे खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स या मोफत आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. दोन्ही आकडे जुळत नसतील तर डिस्क त्याच दिवशी परत करा.

डिस्क झोपवावी का, हा नेहमीचा वाद. फिरणं थांबलं की डिस्क एक वॅटच्या खाली येते, म्हणजे दोन डिस्कच्या जोडीत आठ-दहा वॅट वाचतात. उलट प्रत्येक वेळी उठताना मोटारीवर ताण येतो आणि समोरचा माणूस दहा सेकंद ताटकळतो. माझ्या मते झोप तेव्हाच द्यावी जेव्हा ती टिकते. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम, फोटोंचं ॲप, त्याचा डेटाबेस आणि सगळे लॉग छोट्या एसएसडीवर ठेवा. फोनमधून येणारे नवे फोटो आधी एसएसडीवर उतरवा आणि दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी मोठ्या डिस्कवर हलवा. मग डिस्क दिवसभर शांत राहतात. झोपेची वेळ तास-दीड तासाची ठेवा. दहा मिनिटांची ठेवली तर ती दिवसभर झोप-ऊठ करत बसेल. डिस्कचं आरोग्य तपासणारा कार्यक्रमही तिला उठवतो. झोपलेल्या डिस्कला हात लावू नकोस, असं त्याच्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं. दिवसातून अनेकदा उठणारी डिस्क असेल तर तिला फिरू द्या आणि वर्षाला पाचशे रुपये मोजा.

सगळा साठा ३-४ टीबीमध्ये मावत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर नुसत्या एसएसडीचा सर्व्हर फार सुखाचा. साटा एसएसडी रिकामी असताना नगण्य वीज घेते, आवाज नाही, धक्क्याची भीती नाही. प्रत्येक टीबीमागे किंमत हार्ड डिस्कच्या कित्येक पट पडते, हा एकच अडसर. कपाटात बंद करून वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीसाठी मात्र एसएसडी वापरू नका. वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो.

आता एसएमपीएस. याच्यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. एसएमपीएसची कार्यक्षमता त्याच्यावर किती भार आहे यावर अवलंबून असते. खोक्यावरचं ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड हे प्रमाणपत्र २०, ५० आणि १०० टक्के भारावर मोजून दिलेलं असतं. टायटॅनियमसाठी १० टक्क्यांवरही मोजतात. आपल्या सर्व्हरला रिकामा असताना आतून लागतात १५ वॅट. ५०० वॅटच्या एसएमपीएससाठी तो भार झाला ३ टक्के. तिथे प्रमाणपत्र काहीच सांगत नाही. एखादा एसएमपीएस तिथे ६० टक्क्यांवर घसरतो आणि भिंतीतून २५ वॅट ओढतो. दुसरा ८५ टक्क्यांवर टिकतो आणि त्याला साडेसतरा वॅट पुरतात. बाकी सगळे भाग तेच, आणि वर्षाला साडेसातशे रुपयांचा फरक. त्यामुळे निवडताना त्या मॉडेलची २० वॅटच्या आसपासची मोजणी कुणी केली आहे का ते शोधा. गोल्डचा शिक्का पुरेसा नाही. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा ‘४५० वॅट’चा डबा लावू नका. सर्व्हरचं सगळं आयुष्य ज्याच्यावर उभं आहे तोच भाग फुकटचा असू नये.

दोन डिस्कपर्यंत आणखी चांगला उपाय आहे. काही एन१०० बोर्ड थेट लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. इतरांसाठी पिकोपीएसयू नावाची छोटी पट्टी आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर मिळतो. फक्त अडॅप्टरची ताकद ठरवताना रिकामा वापर बघायचा नाही. इथे सुरुवातीचा झटका मोजायचा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना काही सेकंद १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे २४ वॅट. दोन डिस्क एकदम उठल्या की ४८, त्यात बोर्डाचे १५-२०. १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ६० वॅटचा अडॅप्टर इथे हात टेकतो, आणि सर्व्हर चालू होता होता बंद पडतो. ८ किंवा १० अँपिअरचा घ्या. चार डिस्क असतील तर सुरुवातीलाच शंभर वॅट नुसत्या डिस्कना लागतात, तिथे चांगल्या एसएमपीएसकडेच जावं. आणि वायरींबद्दल एक कळकळीची सूचना. मोलेक्सवरून (एसएमपीएसची जुनी चार पिनांची जोडणी) साटाची वीज काढणाऱ्या, प्लास्टिक वितळवून साच्यात ओतलेल्या स्वस्त जोडण्या वापरू नका. त्यातल्या तारा आत सरकून एकमेकींना टेकतात आणि जोडणी जळते. आग लागल्याची उदाहरणं आहेत. तारा एकेक करून दाबून बसवलेल्या, मागून उघडता येणाऱ्या जोडण्या घ्या.

रॅमबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ८ जीबीवर फाइल सर्व्हर चालतो, १६ जीबीवर फोटोंचं ॲपही आरामात चालतं. ‘एका टीबीला एक जीबी’ हा नियम घराला लागू नाही. चुका पकडणारी ईसीसी रॅम चांगलीच, पण ती चालवणारे बोर्ड महाग असतात. खऱ्या सर्व्हर बोर्डावर दुरून नियंत्रण करणारी एक वेगळी चिप असते, ती संगणक बंद असतानाही पाचेक वॅट घेत राहते. घरासाठी मी ते पैसे दुसऱ्या प्रतीत घालेन. नेटवर्कला गिगाबिट पुरतं. अडीच गिगाबिट बोर्डावर असेलच तर वापरा. तांब्याच्या तारेवरचं दहा गिगाबिट घरात नको. दोन्ही टोकांना पोर्ट तापतात आणि वॅट खातात.

आपल्याकडची हवा आणि आपल्याकडची वीज या दोन गोष्टी सर्व्हरचे भाग सुचवणाऱ्या परदेशी याद्यांमध्ये नसतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असतं, दुपारी बंद खोलीही चाळीसच्या जवळ जाते. कॅबिनेटमध्ये डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापते, आणि घरगुती डिस्कची कमाल मर्यादा साधारण ६० ते ६५ अंश. म्हणून डिस्कच्या थेट समोर १२० मिलिमीटरचा एक हळू फिरणारा पंखा हवाच. तो एक वॅट घेतो. तो वॅट वाचवू नका. टीव्हीच्या बंद कपाटात किंवा माळ्यावर पत्र्याखाली सर्व्हर ठेवू नका. पंख्याच्या तोंडाशी जाळी लावा आणि दिवाळीच्या साफसफाईत तीही झाडून घ्या.

लाइट जाण्याचं म्हणाल तर कमी विजेच्या सर्व्हरचा इथे मोठाच फायदा होतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. ६० वॅटचा पीसी तिच्यावर अर्धा तास चालला तर खूप झालं, तर २० वॅटचा सर्व्हर आणि राउटर मिळून तासभर निघू शकतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं ‘यूपीएस मोड’चं बटण चालू आहे ना ते बघा. त्या मोडमध्ये वीज बदलायला मिलिसेकंदांचाच वेळ लागतो, आणि कमी भारावरचा एसएमपीएस तेवढा वेळ आपल्या कपॅसिटरवर काढतो. यूपीएसला यूएसबीची तार असेल तर ती सर्व्हरला जोडून एनयूटी ही मोफत आज्ञावली बसवा. बॅटरी संपत आली की ती सर्व्हर स्वतःहून नीट बंद करते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज पडून होणारं नुकसान यूपीएस थांबवत नाही, त्याला चांगली अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) दोन्ही लागतात.

सगळं जुळवून झालं की मोजा. वीज मोजणारा स्मार्ट प्लग बाजारात सहज मिळतो. खात्री करायची असेल तर घरच्या महावितरणच्या मीटरवर लुकलुकणारा छोटा दिवा असतो, आणि त्याच्याजवळ १६०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो. एका युनिटला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. फ्रिजसकट घरातलं बाकी सगळं अर्धा तास बंद करून नुसता सर्व्हर चालू ठेवा आणि मोजा. ३२००च्या मीटरवर २० वॅटचा सर्व्हर अर्ध्या तासात ३२ वेळा लुकलुकवतो. ५० झाले तर ३१ वॅट जाताहेत. मग पुन्हा पॉवरटॉपच्या पानावर जाऊन कोण जागं आहे ते शोधा.

वाचलेले पैसे कुठे घालायचे याचंही उत्तर ठरलेलं असू द्या: दुसऱ्या प्रतीत. दोन डिस्कची जोडी फक्त एक डिस्क बिघडण्यापासून वाचवते. चुकून पुसलेलं फोल्डर दोन्हीवरून पुसलं जातं. चोरी, आग, विजेचा दणका किंवा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, या सगळ्यांपुढे जोडी म्हणजे एकच वस्तू आहे. गावी आईवडिलांकडे किंवा दुसऱ्या शहरात बहिणीकडे इंटरनेट असेल तर तिथे रास्पबेरी पाय आणि एक यूएसबी डिस्क ठेवा. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नाही. टेलस्केलसारख्या, दोन यंत्रांना इंटरनेटवरून खासगीत जोडणाऱ्या साधनाने ती अडचण सुटते, आणि रात्री फक्त बदललेल्या फाइल कुलूपबंद होऊन तिकडे जातात. इंटरनेट नसेल तर दोन यूएसबी डिस्क आळीपाळीने वापरा. एक इथे, एक तिथे, आणि दिवाळी-मे महिन्यात येणंजाणं होतं तेव्हा अदलाबदल. परत आलेली डिस्क लगेच नव्याने भरू नका. आधी तिच्यातलं एखादं जुनं फोल्डर उघडा, चार फोटो बघा, एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. सगळं नीट उघडलं की मगच तिच्यावर नवी प्रत चढवा.